ताप आजच उतरला पाहिजे, हा हट्ट

गणपती बसले की इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर भागातले दवाखाने संध्याकाळी भरून वाहू लागतात. पाऊस ओसरत आलेला, हवा दमट, मुलांच्या परीक्षा तोंडावर. बहुतेकांची मागणी एकच: "डॉक्टर, काहीही करा, पण आज ताप उतरला पाहिजे." मागणी साधी वाटते. पण तापाच्या बाबतीत आपल्याकडे जे काही चुकतं, त्यातलं बरंचसं या एका वाक्यापासून सुरू होतं. कमरेत दिलेली सुई, सलाइनची बाटली, पहिल्याच दिवशी सुरू केलेलं अँटिबायोटिक, दुसऱ्या दिवशी केलेली विडाल ही टायफॉइडची तपासणी, हे सगळं या हट्टाच्या पोटी येतं. आणि जिथे खरोखर धावपळ करायला हवी, तिथे मात्र आपण निवांत असतो, कारण तोवर ताप उतरलेला असतो.

आधी ताप म्हणजे काय ते नीट पाहू. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग शरीराचं तापमान ठरवतो. जंतू शिरले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी काही रसायनं सोडतात, त्यांच्यामुळे तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य तयार होतं आणि ठरलेलं तापमान वर सरकतं, समजा 98 वरून 102 फॅरनहाइटवर. आता शरीर 98 वर आहे, पण मेंदूच्या हिशेबाने ते थंड पडलेलं आहे. म्हणून हुडहुडी भरते. कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, स्नायू थरथरून उष्णता तयार करतात. या वेळी मुलाला हात लावून पाहा: कपाळ आणि पोट तापलेलं, तळपाय मात्र बर्फासारखे. "पाय गार आहेत, म्हणजे ताप नाही" असं म्हणणारे इथेच फसतात. ताप चढतो आहे त्याचीच ती खूण आहे.

हुडहुडी भरली असताना एक पातळ पांघरूण द्यावं, थरथर थांबली की काढावं. दोन गोधड्या आणि बंद खिडक्या नकोत, तसंच बर्फाच्या पाण्याच्या घड्याही नकोत. गार पाण्याने कातडी आणखी आकसते, थरथर वाढते आणि आतली उष्णता आतच राहते. आपल्या घरांतून मीठपाण्याच्या किंवा कोलन वॉटरच्या घड्या कपाळावर ठेवण्याची पद्धत आहे. घडी बदलणाऱ्या हाताने रुग्णाला बरं वाटतं हे खरंच, पण कपाळ म्हणजे शरीराचा केवढासा भाग! तेवढ्याने ताप उतरत नाही. कोलन वॉटरमध्ये अल्कोहोल असतं, लहान मुलांच्या अंगाला तर ते चोळूच नये. पुसून काढायचंच असेल तर औषध दिल्यानंतर अर्ध्या तासाने, कोमट पाण्याने, सगळं अंग पुसावं. मूल काकडायला लागलं की थांबावं.

ताप मोजण्याबाबत तर आपण फारच ढिले आहोत. कपाटात उरलेल्या गोळ्यांच्या पाच पट्ट्या सापडतील, थर्मामीटर सापडणार नाही, किंवा सापडला तर त्यातला सेल संपलेला असेल. हाताने ताप आहे की नाही याचा अंदाज येतो, किती आहे याचा येत नाही. 98.6 हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. तो वुंडरलिश या जर्मन डॉक्टरने 1868 मध्ये रूढ केला, पण निरोगी माणसाचं तापमान एका आकड्यावर बसत नाही. पहाटे ते सगळ्यात कमी, संध्याकाळी चार ते सहाच्या सुमारास सगळ्यात जास्त, आणि या दोहोंत जवळजवळ एका अंशाचा फरक पडतो. म्हणून संध्याकाळी 99 दिसलं म्हणजे "अंगात कसर आहे" असं समजून गोळी घेण्याचं कारण नाही. तोंडात 100.4 किंवा त्यावर, काखेत साधारण 99.5 च्या वर, तो ताप. काखेत घाम असेल तर आधी पुसावा, थर्मामीटरचं टोक काखेच्या खोबणीत बसवून हात छातीशी दाबून धरावा. डिजिटल थर्मामीटर काखेत बरेचदा लवकर वाजतो, त्यामुळे तीन मिनिटं होईपर्यंत काढू नये. चहा प्यायल्यावर पंधरा-वीस मिनिटं तोंडात लावू नये. "एक अंश मिळवून सांगा" हा हिशेबही सोडून द्यावा. आकडा जसा आला तसा, आणि काखेतला की तोंडातला एवढं सांगितलं की डॉक्टरला पुरतं. "आत ताप आहे, पण थर्मामीटरवर येत नाही" असं पुष्कळजण म्हणतात. त्यांची कणकण खरी असते, अंग मोडून येणं खरं असतं, पण तापाचं औषध तिथे द्यायचं नसतं.

वहीच्या एका पानावर चार रकाने आखावेत: तारीख-वेळ, ताप, दिलेलं औषध किती मिली, लघवी झाली का. तीन दिवसांचं असं पान डॉक्टरच्या हातात पडलं तर ते अनेक तपासण्यांपेक्षा जास्त बोलतं. दर अठ्ठेचाळीस तासांनी थंडी वाजून येणारा मलेरियाचा ताप, दिवसागणिक एकेक पायरी चढणारा टायफॉइडचा, हे त्या पानावरच दिसू लागतं.

आता औषध. पॅरासिटामॉल हे चांगलं, स्वस्त आणि योग्य प्रमाणात सुरक्षित औषध आहे. ते मेंदूतल्या प्रोस्टाग्लँडिनला आळा घालतं, अर्ध्या ते एका तासात काम सुरू करतं आणि ताप साधारण दोन-तीन अंश फॅरनहाइटने खाली आणतं. 104 चा ताप 101 वर आला म्हणजे औषध लागू पडलं. 98 वर आला नाही म्हणून दीड तासात दुसरा डोस द्यायचा नसतो. शिवाय 101 ताप असूनही मूल खेळतंय, पाणी पितंय, तर औषध दिलंच पाहिजे असंही नाही. ते आकड्यासाठी नव्हे, अंगदुखी आणि अस्वस्थपणा कमी व्हावा म्हणून द्यायचं. "ताप डोक्यात जाईल" ही भीती घरोघर आहे. संसर्गाच्या तापात मेंदूचं नियंत्रण शाबूत असतं, शरीर स्वतःच तापमान सहसा 106 च्या पलीकडे जाऊ देत नाही. मेंदूला इजा होते ती मेंदूज्वरासारख्या आजाराने, तापाच्या आकड्याने नव्हे.

मे महिन्यातलं ऊन मात्र वेगळं. उन्हात काम करणारा माणूस बरळू लागला, अंग भट्टीसारखं झालं, तर तो ताप नव्हे, उष्माघात. तिथे मेंदूचं नियंत्रणच सुटलेलं असतं, पॅरासिटामॉलचा काडीचा उपयोग नाही. तिथे गार पाणी, बर्फ, पंखा, जे मिळेल ते लगेच, आणि 108 ला फोन.

मुलांचा डोस वजनावर ठरतो: किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त नाहीत. दहा किलोच्या बाळाला एका वेळी जास्तीत जास्त 150 मिलिग्रॅम. इथपर्यंत ठीक. पण औषधाच्या दुकानात काउंटरवर तीन बाटल्या शेजारी शेजारी ठेवून पाहा. ड्रॉप्सच्या बाटलीत एका मिलीत 100 मिलिग्रॅम, साध्या सिरपमध्ये पाच मिलीत 125, डबल स्ट्रेंथमध्ये पाच मिलीत 250. म्हणजे तेच 150 मिलिग्रॅम एकीतून दीड मिली, दुसरीतून सहा मिली, तिसरीतून तीन मिली. रंग तेच, चवही बरेचदा तीच, आणि हा आकडा लेबलावर एवढ्या बारीक अक्षरात की आजीला चष्मा लावूनही वाचता येऊ नये. सिरपची सवय असलेल्या घरात एकदा ड्रॉप्स आले आणि "मागच्यासारखंच सहा मिली" दिलं, तर डोस चौपट झाला. दिवसातून चार वेळा, दोन-तीन दिवस असं चाललं तर यकृत निकामी होण्याइतकं हे गंभीर आहे. त्यात स्वयंपाकघरातला चमचा: कुठला तीन मिलीचा, कुठला सातचा.

हा दोष आईबापांच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. अमेरिकेत 2011 मध्ये उत्पादकांनी लहान मुलांसाठीचं द्रव पॅरासिटामॉल एकाच तीव्रतेत, पाच मिलीत 160 मिलिग्रॅम, विकायचं ठरवलं आणि दाट ड्रॉप्स बंद केले. आपल्याकडेही एकच तीव्रता, बाटलीबरोबर मिलीच्या खुणांची पिचकारी आणि लेबलावर वजनानुसार डोसाचा ठळक तक्ता सक्तीचा व्हायला हवा. यात कसलंही नवं संशोधन लागत नाही.

मोठ्यांचंही गणित घालून पाहा. 650 ची गोळी दिवसातून चार वेळा म्हणजे 2600 मिलिग्रॅम. सर्दीसाठी वेगळी गोळी, तिच्यात 500, तीन वेळा: आणखी 1500. अंगदुखीसाठी तिसरी, तिच्यात 325, दोन वेळा: 650. झाले 4750. निरोगी माणसाची दिवसाची कमाल मर्यादा 4000 आहे, आणि रोज दारू पिणाऱ्याची किंवा यकृताचा त्रास असणाऱ्याची त्याहून बरीच कमी. तीन वेगळ्या नावांच्या गोळ्यांत एकच औषध आहे हे पाकिटाच्या मागची बाजू वाचल्याशिवाय कळत नाही.

सर्दी-तापाच्या मुलांना दोन-तीन औषधं एकत्र केलेलं सिरप देण्याची सवय तर आता सुटायलाच हवी. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्याच मध्य प्रदेशात, छिंदवाड्याच्या परासिया भागात, खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं आणि मूत्रपिंडं निकामी होऊन लहान मुलं दगावली. विष मिसळलं जाणं हा कारखान्याचा आणि तपासणी यंत्रणेचा गुन्हा, त्याची शिक्षा तिथेच व्हायला हवी. पण पाच वर्षांखालच्या मुलाच्या साध्या सर्दी-खोकल्याला अशा सिरपची मुळात गरजच नसते, हेही त्याच वेळी सांगायला हवं. निमेसुलाइड हे ताप-दुखण्याचं औषध बारा वर्षांखालच्या मुलांना देण्यावर आपल्या देशात 2011 पासून बंदी आहे. घरातली जुनी पट्टी एकदा तपासून पाहावी.

आता सुई आणि बाटली. कमरेत दिलेल्या डायक्लोफिनॅकच्या सुईने ताप खाली येतो, घाम फुटतो, रुग्ण "डॉक्टरचा हात चांगला आहे" म्हणत घरी जातो आणि रात्री दोनला पुन्हा फणफणतो. कारण आजार होता तिथेच आहे. डेंग्यूच्या दिवसांत ही सुई, आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अ‍ॅसिड यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. स्टेरॉइडची सुई त्याहून वाईट: ताप, दुखणं, थकवा सगळं झाकलं जातं आणि आजार आत वाढत राहतो. सलाइनचं म्हणाल तर पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या 500 मिली बाटलीत 25 ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच लहान चमचे. नॉर्मल सलाइनच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ. ज्याला तोंडाने पिता येतं, उलट्या होत नाहीत, त्याला ही "ताकदीची बाटली" काही देत नाही. साजूक तुपाची धार घातलेला मऊ भात, मेतकूट, भाताची पेज, ताक, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी यांनी ते काम नीट होतं. ताप एक अंश सेल्सियस वाढला की शरीराचा खर्च दहाएक टक्के वाढतो. म्हणून तापात लंघन नको, आणि "तापात भात देत नाहीत" हेही नको.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र अँटिबायोटिकचं आहे. पावसाळ्यातले बहुतेक ताप विषाणूंचे, तीन ते पाच दिवसांत आपोआप उतरणारे. त्यांच्यावर अँटिबायोटिक चालतच नाही. पण पहिल्या दिवशी घेतलं आणि चौथ्या दिवशी ताप उतरला की श्रेय त्या गोळीला जातं, पुढच्या वेळी तीच पट्टी घेऊन शेजारी दुकानात जातो. खरोखर टायफॉइड असेल तर हीच गोळी तपासणी बिघडवते. टायफॉइडची खात्रीची तपासणी म्हणजे ब्लड कल्चर. मोठ्या माणसाचं आठ ते दहा मिली रक्त घ्यावं लागतं, तेही अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात जाण्याआधी. अहवालाला दोन ते पाच दिवस लागतात, पण कुठलं औषध लागू पडेल हेही त्यात कळतं. आपण त्याऐवजी विडाल करतो, तीही दुसऱ्या दिवशी. 1896 पासूनची ही तपासणी जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्यं शोधते, आणि ती तयार व्हायला आठवडा लागतो. उलट पूर्वी कधी टायफॉइड होऊन गेला असेल किंवा लस घेतली असेल, तर निरोगी माणसाचीही विडाल "पॉझिटिव्ह" येऊ शकते. मग घरभर "मोतीझिरा (टायफॉइड) निघाला" म्हणून सांगितलं जातं आणि दहा-चौदा दिवसांचं औषध सुरू होतं.

खऱ्या टायफॉइडमध्ये योग्य औषध सुरू केल्यावरही ताप उतरायला चार ते सहा दिवस लागतात, हे फार थोड्या कुटुंबांना कोणी सांगितलेलं असतं. तिसऱ्या दिवशी "लागू पडत नाही" म्हणून डॉक्टर बदलला जातो, नवा डॉक्टर औषध बदलतो, आणि अर्धवट मारलेले जंतू अधिक निगरगट्ट होतात. सिप्रोफ्लॉक्सासिन एकेकाळी टायफॉइडवर रामबाण होतं. आज आपल्या देशात बहुतेक ठिकाणी ते चालत नाही, त्यामागचं एक मोठं कारण हेच.

कायदा आहे. 1 मार्च 2014 पासून लागू झालेल्या शेड्यूल एच-1 मध्ये सेफिक्झिमसारखी अनेक अँटिबायोटिक्स आहेत. त्यांच्या विक्रीची वेगळी वही ठेवून त्यात डॉक्टरचं, रुग्णाचं नाव आणि दिलेलं प्रमाण लिहायचं असतं, ती वही तीन वर्षं सांभाळायची असते. पट्टीवर लाल रेघ असते ती यासाठीच. प्रत्यक्षात दुकानदाराला "तापाचं काहीतरी द्या" म्हटलं की तीन दिवसांची गोळी कागदात कापून मिळते. कापताना लाल रेघही अर्धी होते आणि मुदतीची तारीखही जाते. ज्या शहरात दवा बाजारासारखी औषधांची एवढी मोठी घाऊक पेठ आहे, त्या शहरात या वह्यांची नियमित तपासणी करणं प्रशासनाला अशक्य नाही.

याच्या विरुद्ध बाजूने एक मुद्दा येतो आणि तो खोटा नाही. रोजंदारीवर जाणाऱ्याने तीन दिवस वाट पाहायची कशी? एक दिवस बुडाला तर चूल अडते. डॉक्टरही सांगतात: मी नुसती पॅरासिटामॉल दिली तर पेशंट समोरच्याकडे जातो. पण घाईच्या उपचाराने तो माणूस एक दिवसही लवकर बरा होत नाही, फक्त आजारी अवस्थेत कामावर जातो, आणि सुई, बाटली, विडाल, अँटिबायोटिक यांत आठवड्याची मजुरी घालवतो. त्याला खरी गरज आहे ती वस्तीतल्या सरकारी संजीवनी क्लिनिकमध्ये त्याच दिवशी पट्टीवर रक्ताचा थेंब घेऊन मलेरिया तपासून मिळण्याची, पहिल्या पाच दिवसांत डेंग्यूची एनएस-1 ही रक्ततपासणी होण्याची, ब्लड कल्चरचा नमुना तिथून मोठ्या रुग्णालयात जाण्याची, आणि "तिसऱ्या दिवशी मला परत दाखव, फी नाही" असं सांगणाऱ्या डॉक्टरची.

तीन दिवस थांबा असं म्हणताना कुणी थांबू नये हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. तीन महिन्यांखालच्या बाळाला 100.4 आला की त्याच दिवशी रुग्णालय, घरी औषध देऊन वाट पाहणं नाही. कोणत्याही वयात मान ताठ होणं, बरळणं, जागं करूनही जागं न होणं, आठ तास लघवी न होणं, दाबूनही न विरणारे लाल-जांभळे ठिपके, यातलं काहीही दिसलं तरी तसंच. मुलाचा श्वास पोटाकडे पाहत पूर्ण एक मिनिट मोजावा: दोन महिन्यांखाली साठ, वर्षापर्यंत पन्नास, पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा त्याहून जास्त भरला तर न्यूमोनियाची शंका. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाला तापात झटका आला तर कुशीवर वळवावं, तोंडात चमचा, पाणी, बोट काही घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, घड्याळ पाहावं. पाच मिनिटांवर गेला तर ताबडतोब रुग्णालय.

आणि डेंग्यू. इथे आपला हट्ट सर्वांत महाग पडतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप उतरतो, घरात सगळे सुटकेचा श्वास सोडतात, आणि नेमक्या त्या चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्तदाब कोसळू शकतो. ताप उतरल्यावर पोट जोरात दुखू लागलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, हातपाय गार पडले, माणूस सुस्त झाला तर लगेच भरती. प्लेटलेटच्या आकड्यामागे सगळं घर धावतं, पण रक्त घट्ट होतंय का हे सांगणारा हिमॅटोक्रिट कुणी विचारत नाही. रक्तस्राव नसताना आकडा लाखाखाली गेला एवढ्यावरून प्लेटलेट चढवायच्या नसतात. त्या काळात द्यायचं ते पाणी, मोजून, आणि लघवीवर लक्ष ठेवून.

शंभरएक वर्षांपूर्वी होळकर दरबाराने पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश नगररचनाकाराला इंदूरला बोलावलं, तेव्हा इथे प्लेग आणि मलेरिया होता. त्याने दिवाळीत मिरवणूक काढली, तिच्यात प्लेगचा भलामोठा उंदीर होता, आणि जाहीर केलं की ज्या रस्त्यावरची घरं जास्त स्वच्छ होतील त्या रस्त्यावरून मिरवणूक जाईल. लोकांनी घरं झाडली. 1918 च्या त्याच्या दोन खंडांच्या अहवालात विहिरी, नद्या, गटारं यांचा विचार आहे. तापाचं औषध शहराच्या रचनेत शोधणारा तो माणूस होता. आज आपण 2017 पासून स्वच्छतेत पहिले येतो आणि त्याचा अभिमान रास्त आहे. पण डेंग्यूचा डास उकिरड्यात वाढत नाही, त्याला आपल्याच घरातलं स्वच्छ साचलेलं पाणी लागतं. जून संपला तरी खिडकीतला कूलर तसाच असतो, तळाशी चार बोटं पाणी, वर ओली खस. गच्चीवरच्या टाकीचं झाकण तुटलेलं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा पाणी ओतून कूलर कोरडा करायचा. आणि नुसतं ओतून भागत नाही: अंडी पाण्याच्या रेघेवर भिंतीला चिकटलेली असतात, कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी भरलं की उबतात. त्या रेघेवर काथ्याने घासायला हवं, मग कूलर पुसून, खस काढून, पुढच्या एप्रिलपर्यंत माळ्यावर.